दहा मिनिटांची तपासणी

माझी ताई एकवीस वर्षं शहरातली बस चालवत होती, आणि ते थांबलं माझ्यामुळे. आधी मी ‘तिच्या दुखण्यामुळे थांबलं’ असं म्हणायचो. मग काही दिवस ‘ऑपरेशनमुळे’ म्हणत होतो. दोन्ही खोटं नाही, पण दोन्ही ठिकाणी मी मध्ये होतो, आणि ते सांगायचं मी टाळत होतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले आणि आई आजारीच असायची, त्यामुळे मला वाढवलं ते बरंचसं ताईनेच. माझं कॉलेज तिच्या सकाळच्या पहिल्या फेरीच्या रस्त्यावर होतं. मी तिच्या पाठच्याच सीटवर बसायचो आणि हाडांची नावं पाठ करत जायचो. सिग्नलला गाडी थांबली की ती आरशातून बघून विचारायची, “गुडघ्यापर्यंत पोचलास का रे?” शेजारचे प्रवासी हसायचे. मला तेव्हा लाज वाटायची. आता त्या दिवसांची आठवण आली की दुसऱ्याच कशाची तरी लाज वाटते.

तिचं दुखणं सुरू झालं ती तारीख डेपोच्या रजिस्टरमध्ये आहे. सकाळची वेळ होती. ती केबिनमधून खाली उतरत होती. बसची शेवटची पायरी उंच असते, आणि त्या दिवशी नेमकी तिच्याखालच्या गटाराची जाळी दुरुस्तीसाठी काढलेली. जमीन आहे असं समजून तिने डावा पाय टाकला आणि तो वीतभर आणखी खाली गेला. ती पडली नाही. दांडा धरून सावरली, जाळी काढणाऱ्याला चार शब्द सुनावले आणि फेरीवर गेली. दुपारी जेवायला म्हणून सीटवरून उठायला गेली तर उठवेना.

पुढच्या रविवारी ती माझ्या घरी आली. तेव्हा तिचं वय चव्वेचाळीस. खुर्चीत बसताना तिने सगळं वजन उजव्या बाजूवर घेतलं, हे मी बघितलं होतं. बघितलं होतं हे महत्त्वाचं, कारण नंतर मी ‘लक्षातच आलं नाही’ अशी स्वतःची समजूत घालायचा प्रयत्न केला आहे.

“कुठे दुखतं?” मी विचारलं.

तिने हात मागे नेला आणि डाव्या बाजूला, कमरेच्या बऱ्याच खाली, एक बोट टेकवलं. “इथे.”

“कंबर धरलीय तुझी.”

“कंबर नाही रे. कंबर ही इथे.” तिने हात वर नेला, मग परत खाली त्याच जागी आणला. “हे इथे आहे. एका बोटाखाली मावेल एवढंच. उठताना, पायरी चढताना, रात्री कूस बदलताना. चालायला लागले की जरा बरं.”

“कधीकधी दुखतं एकीकडे आणि मूळ दुसरीकडे असतं.”

“असेल,” ती म्हणाली. “पण गाडी खडखडायला लागली की आवाज कुठून येतोय ते ड्रायव्हरला कळतं. मेकॅनिक इंजिन उघडून बसतो आणि सैल असतो मडगार्डचा नट.”

मी हसलो. तिला म्हणालो, आपण एमआरआय काढू.

तिचं बोट जिथे होतं, तिथे काय असतं हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पाठीच्या कण्याच्या तळाशी एक तिकोनी हाड असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना कमरेची मोठी, पंख्यासारखी हाडं येऊन भिडतात. भिडतात तिथे एकेक सांधा. सॅक्रोइलियाक हे त्याचं पुस्तकी नाव. तो गुडघ्यासारखा वाकत नाही, जेमतेम केसभर हलतो, आणि माणसाचं वरचं सगळं वजन त्याच्यातूनच पायांकडे जातं. चुकलेल्या पायरीवर पाय आदळला, बाळंतपण झालं, एकाच बाजूवर वर्षानुवर्षं जोर पडला, की तो दुखावू शकतो. ताईच्या डाव्या पायाने एकवीस वर्षं क्लच दाबला होता. तिला एक मुलगी आहे. आणि पायरी चुकली होती. आणखी काय सांगायला हवं होतं तिने मला?

तो सांधा एमआरआयमध्ये बहुतेक वेळा निर्दोष दिसतो. तो हातानेच तपासावा लागतो. पाच चाचण्या आहेत. माणसाला उताणं झोपवून, कुशीवर वळवून, मांडी उचलून, एक पाय खाटेखाली सोडून, सांध्यावर वेगवेगळ्या बाजूंनी दाब द्यायचा आणि तेच ओळखीचं दुखणं जागं होतं का ते विचारायचं. पाचांपैकी तीन चाचण्यांत झालं, तर बोट बहुधा बरोबर जागी आहे. सगळं मिळून दहा मिनिटं.

ती दहा मिनिटं मी दिली नाहीत. कारण सांगायला अवघड आहे, पण सांगतो. मला संकोच वाटला. मोठ्या बहिणीच्या कमरेखाली हात लावायचा, तिची मांडी धरून दाबायची, हे मला जमेना. रोज वीस अनोळखी माणसांना मी तपासतो आणि मला काही वाटत नाही. ताईच्या बाबतीत वाटलं. तिलाही वाटलं असणार, कारण तिनेही बोट ठेवलं ते कपड्यांवरूनच आणि लगेच उचललं. कुणा बाई फिजिओकडे तिला पाठवता आलं असतं. पण माझं स्वतःचं क्लिनिक तेव्हा नुकतंच सुरू झालेलं, आणि सख्ख्या बहिणीला दुसरीकडे पाठवतो म्हटल्यावर लोक काय म्हणतील, हाही विचार होताच.

एमआरआय आला. कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती जराशी बाहेर आलेली. चाळिशीच्या पुढच्या कितीतरी माणसांची अशी असते आणि त्यांना काहीही होत नसतं, हे मी माझ्या पेशंटना रोज सांगतो. पण फिल्म हातात आली आणि मला सुटल्यासारखं झालं. आता हात लावायची गरज उरली नव्हती. मी तिला पालथं झोपून हातांवर छाती उचलायचे व्यायाम दिले. चकतीसाठी ते ठीक असतात. तिच्या सांध्याला त्यांनी रोज दोन वेळा डिवचलं.

ताई जात्याच शिस्तीची. डेपोत तिची गाडी कधी मिनिटभर उशिरा सुटली नव्हती. ती रोज पहाटे आणि संध्याकाळी हॉलमध्ये सतरंजी टाकून ते व्यायाम करायची. महिन्याभराने तिने फोन केला. “वाढतंय रे.”

“सुरुवातीला वाढतं.”

सहा महिन्यांनी भाऊजींचा फोन आला. भाऊजी घड्याळं दुरुस्त करतात, बोलणं मोजकं. ते म्हणाले, “ती झोपेत कूस बदलते तेव्हा कण्हते. सकाळी विचारलं तर म्हणते, मी कुठे? छोट्या, तू एकदा नीट बघ ना तिला.”

“बघतो,” मी म्हणालो. आणि एक गरम शेकाचा पट्टा पाठवून दिला.

डेपोत तिला फेऱ्या जमेनात. क्लच दाबला की डाव्या बाजूने कळ यायची आणि पाय आपोआप सुटायचा. भरलेल्या गाडीत असं होणं बरं नाही, हे तिनेच साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी तिला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. छत्र्या, चष्मे, एकेकटे बूट, डबे. प्रत्येकावर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून चिठ्ठी बांधायची. ड्रायव्हर लोक येता-जाता म्हणायचे, “ताईंची कंबर काय, स्टिअरिंग बघितलं की दुखते आणि खुर्ची बघितली की थांबते.” गंमत म्हणून म्हणायचे. ताईने ही गंमत मला एकदाच सांगितली, हसत सांगितली, आणि मग लगेच माझ्या मुलाच्या शाळेचं विचारलं. खरं तर त्या खुर्चीत बसणं तिला स्टिअरिंगइतकंच जड जात होतं. पण चांगली चालणारी, रंगरूप ठीक असलेली बाई दुखतंय म्हणते, तेव्हा ते दिसत नाही. एक्स-रेमध्येही नाही आणि लोकांनाही नाही.

दीड वर्ष गेलं. मी तिला सर्जनकडे नेलं.

हे सर्जन माझ्या आधीपासून त्या हॉस्पिटलात होते, वयाने मोठे, हाताला यश असलेले, आणि माझ्याशी आपुलकीने वागणारे. त्यांनी ताईला तपासलं, फिल्म दिव्यावर लावली, बराच वेळ पाहिली. मग ताईला बाहेर बसायला सांगून मला म्हणाले, “चकती आहे, पण एवढी नाही. आणि तिचं दुखणं जरा खाली आहे. खालचा सांधा बघितलास ना तू? नीट, हात लावून?”

दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या बाकावर ताई बसलेली मला दिसत होती, उजव्या बाजूवर कलून.

“बघितला,” मी म्हणालो. “तिथे काही नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी मान डोलावली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. दीड वर्षात बहिणीचा तो सांधा मी एकदाही तपासला नाही, हे त्यांच्यासमोर कबूल करायला माझी जीभ रेटली नाही. मला वाटलं होतं, नंतर तपासून घेऊ. तसं वाटण्यात काही अर्थ नव्हता, कारण एकदा ‘नक्की’ म्हटल्यावर तपासणार कोण?

तीन आठवड्यांनी ऑपरेशन झालं. दोन मणके स्क्रू आणि पट्ट्यांनी जोडले. ऑपरेशन उत्तम झालं, हे मी आजही सांगेन. चूक सर्जनच्या हातात नव्हती.

पहिले तीन-चार महिने ताईला बरं वाटलं. सक्तीची विश्रांती होती, व्यायाम बंद होते, त्यामुळे वाटलं असेल. मग दुखणं परत आलं, आधीपेक्षा जास्त. त्याचं कारण मला समजत होतं, पण मी ते मनात पुरतं येऊ दिलं नाही. वरचे मणके जखडले की त्यांच्या वाटणीची हालचाल खालच्या सांध्यावर येते. आधीच दुखावलेल्या सांध्यावर मी आणखी ओझं घातलं होतं.

पुढची तीन वर्षं मी तिला टाळलं असं म्हणणं बरोबर होणार नाही. ती दर आठवड्याला क्लिनिकमध्ये शेक घ्यायला यायची. मी दिवा लावून द्यायचो, पाच मिनिटं उभ्याने बोलायचो आणि दुसऱ्या पेशंटकडे जायचो. “नस बरी व्हायला वेळ लागतो,” एवढं एक वाक्य माझ्याकडे होतं. तिने बोट दाखवणं सोडून दिलं होतं. माणूस एकाच खिडकीवर किती वेळा जाऊन उभा राहणार?

मग क्लिनिकमध्ये बारकी आली. नवी फिजिओ, हाडकुळी, म्हणून सगळे तिला बारकी म्हणायचे, आणि तिलाही ते चालायचं. कामाला मात्र चिवट. एका दुपारी मला मुलाच्या शाळेत जावं लागलं. ताईचा शेक तिने लावला. मी परत आलो तेव्हा ताई निघून गेली होती आणि बारकी माझ्या टेबलासमोर उभी होती.

“सर, एक विचारू?”

“विचार.”

“ताईंचा खालचा सांधा कधी तपासला होता? फाइलमध्ये काहीच लिहिलेलं नाही.”

मी कागद चाळायला लागलो. उगीचच. “का?”

“बूट घालायला त्या एका पायावर उभ्या राहिल्या आणि चेहरा एकदम पांढरा पडला. मी म्हटलं, कुठे कळ आली, एका बोटाने दाखवा. त्या म्हणाल्या, सांगून काही उपयोग नाही. मी म्हटलं, तरी दाखवा. त्यांनी जिथे बोट ठेवलं ना सर, ते बरोबर सांध्यावरच. मग मी त्यांना विचारून चाचण्या घेतल्या. पाचांपैकी चार. मांडीवरून दाब दिला तेव्हा तर त्या ओरडल्याच. मी तुम्हाला न विचारता केलं, चुकलं असेल तर सांगा. पण तेव्हा कुणीतरी तपासलं असणारच ना? ऑपरेशनच्या आधी?”

साडेतीन वर्षांपूर्वी जे सर्जनला सांगितलं तेच तिला सांगणं सोपं होतं. तोंडापर्यंत आलंही.

“नाही,” मी म्हणालो. “कुणीच तपासलं नाही.”

तिने मला आणखी काही विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता खात्री करायची होती. त्यासाठी सांध्यात बधिर करणारं औषध सोडतात, एक्स-रेच्या पडद्यावर सुई बघत बघत. औषधाच्या अमलात दुखणं गेलं, तर दुखण्याचं घर तेच. मी ताईला फोन करून एवढंच सांगितलं की आणखी एक इंजेक्शन बघू या. ती म्हणाली, “बघ. तू म्हणतोस तर.” त्या ‘तू म्हणतोस तर’ने मला दिवसभर काही सुचू दिलं नाही.

इंजेक्शन दहाला झालं. साडेदहाला ताई खाटेच्या कडेवर बसली, पाय खाली सोडले आणि उठली. मग परत बसली. परत उठली. आम्हाला वाटलं चक्कर आली. तिने हातानेच ‘थांबा’ अशी खूण केली आणि तिसऱ्यांदा उठली, कशालाही न धरता. चौथ्यांदा उठली तेव्हा ती डाव्या पायावर जोर देऊन उभी होती.

“जिना कुठे आहे?” तिने विचारलं.

ती तीन मजले चढली. मी मागून धापा टाकत. वरच्या मजल्यावर पोचल्यावर ती लगेच खाली उतरली, आणि परत चढली. येणारी-जाणारी नर्स तिच्याकडे बघत होती. भाऊजी खालच्या पायरीवर हातात तिची पिशवी घेऊन उभे होते, आणि ती दर वेळी खाली आली की नुसते तिच्या पायांकडे बघत होते. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी ती शेवटी थांबली आणि कठड्याला टेकली. मला वाटलं ती हसेल. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

“हेच होतं का रे?” ती म्हणाली. “एवढंच?”

“हो.”

“म्हणजे पहिल्यापासून हेच?”

“हो.”

“पण तेव्हा बघितलं असेलच ना. सर्जननी तर मला तेव्हा सांगितलं, तुमच्या भावाने सगळं तपासलंय, खालचा सांधा ठीक आहे म्हणून.”

त्यांनी तिला तसं सांगितलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मी त्या खिडकीशी तिला सगळं सांगितलं. संकोचाचं सांगितलं, फिल्मचं सांगितलं, अर्धवट उघड्या दाराचं आणि ‘नक्की’चं सांगितलं. सांगताना मी खाली रस्त्यावर बघत होतो. तिथे एक माणूस हातगाडी लावायला जागा शोधत होता. बराच वेळ त्याला जागा मिळाली नाही.

ताईने मध्ये एकदाही तोडलं नाही. माझं झाल्यावर विचारलं, “किती वेळ लागतो त्या तपासणीला?”

“दहा मिनिटं.”

“आणि लाज वाटत होती तर तसं मला सांगायचं. मी काय म्हणाले असते? म्हणाले असते, बरं बाबा, दुसऱ्या कुणाला दाखवू.” तिने डोळे पुसले. “लहानपणी तुला आंघोळ मीच घालायचे. तू लाजायला कधी शिकलास ते माझ्या लक्षातच आलं नाही.”

मग ती खाली गेली आणि भाऊजींबरोबर रिक्षात बसली. मला ‘येते’ म्हणाली नाही. दोन तासांनी औषधाचा अंमल उतरला आणि दुखणं परत आलं, ते तिने बारकीला फोन करून कळवलं. मला नाही.

उपचार बारकीने केले. मी आपणहून बाजूला राहिलो आणि ताईनेही मला बोलावलं नाही. उपचार तसे साधेच होते. कमरेवर नव्हे, तर तिच्या खाली, नितंबांच्या हाडांभोवती घट्ट बसणारा पट्टा, दिवसातले काही तासच. गाडीतून उतरताना दोन्ही गुडघे जोडून आधी वळायचं, मग उठायचं. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. छाती उचलायचे जुने व्यायाम बंद. त्यांच्या जागी उताणं झोपून कंबर उचलणं, मांड्यांना रबरी पट्टी बांधून आडवं चालणं, सांध्याच्या आजूबाजूचे स्नायू इतके तयार करणं की सांध्याला एकट्याने भार सोसावा लागू नये. मधे आणखी एक इंजेक्शन, सूज उतरवणारं. काही आठवडे काहीच फरक नव्हता. एकदा तर दुखणं उलट वाढलं आणि ताईने पट्टा भिरकावून दिला. बारकी शांतपणे म्हणाली, “उचलून आणते, तोवर रागावून घ्या.” हे मी पडद्याच्या अलीकडून ऐकलं. माझ्यासमोर ताई कधी रागावली नव्हती.

सात महिन्यांनी ती बरी झाली. पूर्ण नाही. जास्त उभं राहिलं की अजून दुखतं. पण जिना चढते, कूस बदलते, तासन्‌तास बसू शकते. डाव्या पायाने काहीही दाबू शकते.

तेव्हा तिने डेपोत अर्ज केला. परत गाडीवर घ्या म्हणून. आणि त्या दिवशी तिने मला बरोबर यायला सांगितलं. “कागद वाचायला,” ती म्हणाली. “डॉक्टरी भाषा मला कळत नाही.”

डेपो मॅनेजर एके काळी तिच्याच गाडीवर कंडक्टर होते. त्यांनी उठून खुर्ची दिली. अर्ज वाचला, बारकीचा अहवाल वाचला, तो चांगला होता. मग जुनी फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ताई, पाठीच्या कण्यात धातू बसवलेला असेल तर प्रवासी गाडी देता येत नाही. नियम आहे. सांध्याचं दुखणं बरं झालेलं चालतं. पाय मोडून बरा झालेला चालतो. हे चालत नाही.”

मी एक पत्र लिहून नेलं होतं. त्यात सगळं स्पष्ट लिहिलं होतं. निदान चुकलं, चूक माझी, त्या ऑपरेशनची गरज नव्हती, कण्याचा आजार तिला नव्हताच. खाली सही. ते पत्र मी पुढे सरकवलं. मॅनेजरांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, अवघडलेपण होतं.

“तुम्ही म्हणता गरज नव्हती. मी मानतो. पण पट्ट्या आत आहेत ना?”

“आहेत.”

“काढता येतात?”

“आता हाडं जुळून आलीत. काढल्या तरी कणा आधीसारखा होणार नाही.”

“मग माझ्या हातात काही नाही.” त्यांनी पत्र घडी करून परत दिलं. “हे फाइलला लावू नका. लावून तुमचं नाव खराब होईल, यांचं काम होणार नाही.”

ताई म्हणाली, “लावा.”

मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलं.

“लावा,” मी म्हणालो.

त्यांनी पत्राला भोक पाडलं आणि ते फाइलमध्ये अडकवलं.

बाहेर आल्यावर ताई गाड्यांच्या रांगेजवळून चालत गेली. एक-दोघांनी हात केला, तिनेही केला. दुखण्याने तिला गाडीवरून कायमचं उतरवलं नव्हतं. दुखणं तर गेलं होतं. त्या पहिल्या दीड वर्षात कुणी नुसतं हात लावून बघितलं असतं, तर ती त्या दिवशी फेरीवर असती. हे आम्हा दोघांनाही त्या खोलीत एकदमच कळलं होतं.

त्या आठवड्यात मी सर्जनना भेटलो आणि त्यांनाही सांगितलं. ते निवृत्तीला आले होते. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, “मीही तपासायला हवं होतं. तुझ्या शब्दावर राहिलो.” मग म्हणाले, “तिने तक्रार केली तर मी तुझ्या बाजूने बोलणार नाही, हे आत्ताच सांगतो.” मी म्हणालो, बोलू नका. ताईने तक्रार केली नाही. का केली नाही, हे मी विचारलं नाही.

आता ती एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवते. लहान गाडी, शिकाऊच्या शेजारची सीट, तिच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक. तिच्याकडून शिकलेली माणसं पहिल्या परीक्षेत पास होतात असं तिथे बोललं जातं. ती स्वतः त्या गाडीला ‘डबा’ म्हणते. मोठ्या गाडीचं नाव काढत नाही.

मागच्या महिन्यात तिने मला फोन केला. मुलीच्या कसल्याशा कागदावर माझी सही हवी होती. ते बोलणं संपल्यावर मी धीर करून विचारलं, “ताई, माझ्यावर अजून राग आहे?”

“आहे,” ती म्हणाली.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“माफ केलं असं म्हणू का? म्हणायला काय, एक शब्द आहे. म्हटलं की तुला झोप लागेल. पण मला अजून तो शब्द येत नाही रे, छोट्या. आला की सांगेन. ओढून आणायला लावू नकोस.”

“नाही लावणार.”

फोनवर मागे भाऊजींच्या दुकानातल्या घड्याळांची टिकटिक येत होती. ती दुकानातच बसली होती वाटतं.

“रविवारी जेवायला ये,” ती म्हणाली. “कागद घेऊन ये. आणि मुलालाही आण, त्याला बघून किती दिवस झाले.”

रविवारी आम्ही गेलो. ताईने वाढलं, मुलाला आग्रह केला, मला केला नाही. जेवताना भाऊजी नव्या भाडेकरूबद्दल सांगत होते आणि आम्ही सगळे ऐकत होतो. मी दोनदा भात मागून घेतला.